बेरीज कोठे चुकते? : बास्केटबॉल संघाच्या भाकिताचे गणित

२००७ सालच्या उन्हाळ्यात, दोन हंगामांच्या मधल्या सुट्टीत, अमेरिकेतील बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाने दोन मोठे व्यवहार केले. २८ जून रोजी त्यांनी सिअ‍ॅटलच्या संघाकडून रे अ‍ॅलन हा नेमबाज खेळाडू घेतला. ३१ जुलै रोजी मिनेसोटाच्या संघाकडून केव्हिन गार्नेट हा उंचापुरा खेळाडू घेतला. या एका गार्नेटच्या बदल्यात बॉस्टनने पाच खेळाडू, पुढील काळात नवोदित खेळाडू निवडण्याचे पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि वर काही रोख रक्कम दिली. पॉल पिअर्स हा नामांकित खेळाडू संघात आधीपासूनच होता.

नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन म्हणजे एनबीएच्या स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात ८२ सामने खेळतो. सामना बरोबरीत सुटत नाही. जादा वेळ देऊन निकाल लावतातच. २००६-०७ च्या हंगामात बॉस्टनने फक्त २४ सामने जिंकले होते आणि ५८ हरले होते. मध्यंतरी तर सलग १८ पराभव पदरी पडले होते. आता प्रश्न असा, की १ ऑगस्ट २००७ रोजी आपल्याला कोणी विचारले असते, ‘हा संघ पुढच्या हंगामात किती सामने जिंकेल?’, तर आपण काय उत्तर दिले असते? आणि मुख्य म्हणजे, ते कोणत्या आधारावर?

प्रश्न खेळाच्या पानावरचा वाटला तरी त्याचे उत्तर शोधताना सरासरी, संभाव्यता, समीकरणे आणि प्रमाण विचलन या साऱ्यांची गाठ पडते. बास्केटबॉलचे नियम ठाऊक नसले तरी अडत नाही. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू, सामना ४८ मिनिटांचा आणि ज्याचे गुण अधिक तो विजयी, एवढी माहिती पुरेशी आहे.

पहिला मोह : गुणांची बेरीज

सर्वांत सोपा मार्ग असा. २००६-०७ मध्ये अ‍ॅलनने दर सामन्यात सरासरी २६.४ गुण मिळवले, पिअर्सने २५.० आणि गार्नेटने २२.४. तिघांची बेरीज ७३.८ होते. उरलेल्या खेळाडूंनी पूर्वीप्रमाणेच गुण मिळवले, तर संघाच्या गुणसंख्येत दर सामन्यात चाळीसेक गुणांची भर पडायला हवी!

प्रत्यक्षात काय झाले ते पाहू. २००७-०८ मध्ये पिअर्सची सरासरी १९.६ झाली, गार्नेटची १८.८ आणि अ‍ॅलनची १७.४. बेरीज ५५.८, म्हणजे पूर्वीपेक्षा १८ गुणांनी कमी. तिघेही एकाच वर्षात बिघडले, असा याचा अर्थ आहे का? मुळीच नाही. मैदानात चेंडू एकच असतो. एका संघाने बास्केट केली की चेंडू दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे दोन्ही संघांना चेंडूचा ताबा जवळजवळ सारख्याच वेळा मिळतो. त्या काळी हा आकडा एका सामन्यात साधारण नव्वदच्या घरात असे. तेव्हा नेम धरण्याच्या संधी मर्यादित आहेत. तीन वेगवेगळ्या संघांत ज्या तिघांना सर्वाधिक संधी मिळत होत्या, ते एकत्र आल्यावर त्या संधी वाटून घ्याव्याच लागतात.

हे उदाहरण विद्यार्थ्यांना दुसऱ्या भाषेतही सांगता येईल. वस्तुमानांची बेरीज करता येते; एक किलो आणि एक किलो मिळून दोन किलो होतात. पण पन्नास अंशांच्या पाण्यात पन्नास अंशांचे पाणी ओतले तर शंभर अंशांचे पाणी मिळत नाही. कोणत्या राशींची बेरीज करता येते आणि कोणत्यांची नाही, हा विज्ञानातील मूलभूत प्रश्न आहे. खेळाडूच्या सरासरी गुणांची बेरीज करता येत नाही, कारण ती राशी केवळ त्याची नसते. सोबतच्या खेळाडूंनी त्याच्यासाठी किती संधी सोडल्या, हेही त्या राशीत मिसळलेले असते.

गुणांतून विजयाकडे

मग मोजायचे काय? बेसबॉल या खेळाचे अभ्यासक बिल जेम्स यांनी एक कल्पना मांडली. संघाने मिळवलेल्या धावांचा वर्ग आणि दिलेल्या धावांचा वर्ग यांच्या बेरजेने पहिल्या वर्गाला भागले, की त्या संघाच्या विजयांचे प्रमाण बरेचसे अचूक मिळते. वर्गांच्या बेरजेमुळे या सूत्राला गमतीने पायथागोरसचे नाव चिकटले. त्याचा काटकोन त्रिकोणाशी मात्र काही संबंध नाही.

बास्केटबॉलसाठी हेच सूत्र वापरताना दुसऱ्या घाताऐवजी सुमारे चौदावा घात घ्यावा लागतो. मिळवलेले गुण ‘क’ आणि दिलेले गुण ‘द’ मानले, तर क चा चौदावा घात भागिले क आणि द यांच्या चौदाव्या घातांची बेरीज, हे विजयांचे अपेक्षित प्रमाण. घात इतका मोठा का? बास्केटबॉलमध्ये गुण मिळवण्याच्या संधी पुष्कळ असतात. त्यामुळे योगायोगाचे चढउतार एकमेकांना बरेचसे कापून टाकतात आणि गुणांच्या गुणोत्तरातील लहानसा फरकसुद्धा निर्णायक ठरतो.

आता आकडे घालू. २००६-०७ मध्ये बॉस्टनने दर सामन्यात सरासरी ९५.८ गुण मिळवले आणि ९९.२ दिले. सूत्रानुसार विजयांचे प्रमाण ०.३८ येते, म्हणजे ८२ पैकी ३१ विजय. प्रत्यक्षात विजय होते २४. याचा अर्थ, संघ त्याच्या विजयसंख्येवरून दिसतो तितका वाईट नव्हता. थोड्या गुणांनी हरलेले सामने त्याच्या वाट्याला अधिक आले होते. भाकिताची सुरुवात २४ पासून न करता ३१ पासून करायला हवी, हे येथेच स्पष्ट होते.

या सूत्रातून एक सोपा ठोकताळाही मिळतो. संघ दर सामन्यात सरासरी एका गुणाने सरस असेल, तर हंगामात ४१ पेक्षा सुमारे पावणेतीन विजय अधिक मिळतात. दोन गुणांनी सरस असेल तर साडेपाच. वर्गात गणकयंत्रावर १०१ आणि १००, १०२ आणि १०० असे आकडे घालून हे पडताळता येईल.

योगायोगाचा वाटा

येथे एक प्रयोग सुचवतो. वर्गातील ३० विद्यार्थ्यांना ३० संघ माना. एनबीएमध्येही ३० संघच आहेत. प्रत्येकाने एक नाणे ८२ वेळा उडवावे आणि छाप पडला तर विजय मानावा. सर्व नाणी सारखी, म्हणजे सर्व संघ तंतोतंत तुल्यबळ. तरी कोणाला ५० च्या आसपास ‘विजय’ मिळतील, तर कोणाला ३२ च्या आसपास. याचे गणितही सोपे आहे. प्रमाण विचलन म्हणजे ८२ × १/२ × १/२ याचे वर्गमूळ, सुमारे ४.५. सरासरी ४१ च्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलने मोजली की ३२ आणि ५० या सीमा मिळतात.

आता सर्वाधिक विजय मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचा सत्कार करा आणि सर्वांत कमी मिळवणाऱ्याला समज द्या. मग पुन्हा ८२ वेळा नाणी उडवायला सांगा. सत्कार झालेला बहुधा खाली येईल आणि समज मिळालेला वर जाईल. सत्काराने पहिला शेफारला आणि बोलणी खाल्ल्याने दुसरा सुधारला, असा निष्कर्ष काढणे किती सोपे आहे! प्रत्यक्षात दोघेही सरासरीकडे परतले, एवढेच. फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना हे तत्त्व ओळखले आणि १८८६ साली प्रसिद्ध केले. फार उंच आईबापांची मुले सरासरीपेक्षा उंच असतात, पण बहुधा आईबापांइतकी नसतात.

एका खेळाडूची किंमत

आता अवघड भागाकडे वळू. एका खेळाडूमुळे संघाला किती फरक पडतो, हे कसे काढायचे? एक युक्ती अशी : तो मैदानात असताना संघाने किती गुण मिळवले व दिले आणि तो बाकावर असताना किती, याची तुलना करायची. पण तो नेहमी चांगल्या साथीदारांबरोबरच खेळत असेल, तर त्यांचे श्रेय त्याला मिळेल.

यावरचा उपाय शाळेतील एकसामयिक समीकरणांसारखा आहे. मैदानातील दहा खेळाडूंच्या प्रत्येक वेगळ्या जुळणीसाठी एक समीकरण मांडायचे : एका बाजूच्या पाचांच्या किमतींची बेरीज वजा दुसऱ्या बाजूच्या पाचांची बेरीज बरोबर त्या काळातील गुणांचा फरक. खेळाडू काहीशे, तर समीकरणे हजारो. सर्व समीकरणे तंतोतंत जुळणे अशक्य असते. म्हणून एकूण चूक कमीत कमी होईल अशा किमती संगणकाने शोधल्या जातात. दोन खेळाडू सदैव एकत्रच खेळत असतील, तर त्यांच्या किमती वेगळ्या करणे कठीण होते. अशा वेळी गाल्टनचा धडा आठवून किमती थोड्या सरासरीकडे ओढून घेतात.

ही पद्धत कशी वापरतात ते दाखवण्यासाठी एक नमुना मांडतो. यातील खेळाडूंच्या किमती उदाहरणासाठी धरलेल्या आहेत, मोजलेल्या नाहीत. समजा, साध्या राखीव खेळाडूच्या तुलनेत गार्नेट पूर्ण सामन्यात ८ गुणांचा फरक पाडतो, अ‍ॅलन ५ आणि पिअर्सही ५. मुख्य खेळाडू साधारण ३६ मिनिटे खेळतो, म्हणजे ४८ मिनिटांच्या तीन चतुर्थांश. तेव्हा गार्नेटमुळे ६ गुणांची भर, तर अ‍ॅलनमुळे पावणेचार. पिअर्स आदल्या हंगामात ८२ पैकी ४७ सामनेच खेळू शकला होता. तो सर्व सामने खेळेल असे धरले, तर आणखी सुमारे १.६ गुण मिळतात. आता वजाबाकी. दिलेल्या खेळाडूंत अल जेफरसन हा होतकरू खेळाडू होता. त्याची आदल्या हंगामातील सरासरी १६ गुणांची होती. तो आणि इतर गेल्यामुळे ३ गुणांचे नुकसान धरू.

सुरुवात उणे ३.४ पासून. त्यात १.६, ६ आणि ३.७५ मिळवा आणि ३ वजा करा. उत्तर जवळजवळ अधिक ५ येते. पावणेतीनच्या ठोकताळ्याने ४१ मध्ये सुमारे १४ मिळवले, की भाकीत मिळते ५५ विजयांचे.

पण भाकीत येथे संपत नाही. केवळ ‘५५’ सांगणे अपुरे आहे. नाण्याच्या योगायोगाचे प्रमाण विचलन ४.५ आहेच. त्याशिवाय खेळाडूंच्या किमतीतील चुका, दुखापती आणि संघाची जुळणी यांचे विचलन समजा ६.५ विजयांचे आहे. स्वतंत्र कारणांची विचलने सरळ मिळवत नाहीत. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतात. उत्तर येते सुमारे ८. म्हणून प्रामाणिक भाकीत असे : ५५ विजय, आणि ४७ ते ६३ या टप्प्यात संख्या येण्याची शक्यता तीनात दोन.

प्रत्यक्षात काय घडले?

२००७-०८ मध्ये बॉस्टनने ६६ सामने जिंकले आणि १६ गमावले. आदल्या वर्षापेक्षा ४२ विजय अधिक! एका वर्षात इतकी झेप त्याआधी एनबीएमध्ये कोणत्याही संघाने घेतली नव्हती. पूर्वीचा विक्रम सॅन अँटोनिओ संघाचा होता. १९९६-९७ मध्ये २० आणि १९९७-९८ मध्ये ५६ विजय. पुढे जून २००८ मध्ये बॉस्टनने अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सला ४-२ ने हरवून अजिंक्यपद मिळवले. १९८६ नंतरचे हे त्यांचे पहिलेच अजिंक्यपद होते.

आपले भाकीत ११ विजयांनी चुकले. ही चूक कोठे झाली, हे शोधणे भाकिताइतकेच उद्बोधक आहे. नशीब जोरावर होते का? संघाने दर सामन्यात १००.५ गुण मिळवले आणि ९०.३ दिले. सूत्रात घातले की ६७ विजय येतात, प्रत्यक्षात ६६ मिळाले. म्हणजे चुरशीचे सामने नशिबाने जिंकून संघ वर चढला नव्हता. तो खरोखरच दर सामन्यात १० गुणांनी सरस होता. आपण ५ धरले होते.

हे पाच गुण आले कोठून? मिळवलेले गुण ९५.८ वरून १००.५ झाले, म्हणजे ४.७ ची वाढ. दिलेले गुण ९९.२ वरून ९०.३ वर आले, म्हणजे ८.९ ची घट. सुधारणेचा जवळजवळ दोन तृतीयांश वाटा बचावातून आला! नामांकित नेमबाज एकत्र आले खरे, पण संघ बदलला तो प्रतिस्पर्ध्याला रोखण्यामुळे. गार्नेटला त्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार मिळाला. मुख्य प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांच्या जोडीला बचावाची आखणी करण्यासाठी टॉम थिबोडो याच वर्षी आले होते. चेंडू एकच असल्याने आक्रमणात तिघांना वाटणी करावी लागते. बचावात मात्र एकाच्या मेहनतीने दुसऱ्याची संधी हिरावली जात नाही. आपल्या साध्या बेरजेत ही परस्परक्रिया धरलेलीच नव्हती.

आणखी एक हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. ३० संघ प्रत्येकी ८२ सामने खेळतात, म्हणून एकूण सामने १२३० आणि एकूण विजयही १२३०. कोणाचे वाढले तर कोणाचे तरी कमी होणारच. मिनेसोटाचे विजय ३२ वरून २२ झाले, सिअ‍ॅटलचे ३१ वरून २०. देणाऱ्या दोन्ही संघांनी मिळून २१ विजय गमावले.

हीच बेरीज इतरत्र

एका यशस्वी उदाहरणावरून नियम काढणे, ही भाकितशास्त्रातील सर्वांत मोठी चूक आहे. म्हणून आणखी दोन उदाहरणे पाहू. २०१२ च्या उन्हाळ्यात लेकर्सने ड्वाइट हॉवर्ड आणि स्टीव्ह नॅश हे दोन बिनीचे खेळाडू आणले. आदल्या छोट्या हंगामात त्यांनी ६६ पैकी ४१ सामने जिंकले होते. ८२ सामन्यांच्या मानाने ते ५१ होतात. नव्या हंगामात विजय मिळाले ४५. हॉवर्डच्या पाठीवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती. ३८ वर्षांच्या नॅशचा पाय दुसऱ्याच सामन्यात मोडला. पाच सामन्यांनंतर प्रशिक्षकही बदलले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने बॉस्टनकडून गार्नेट आणि पिअर्स यांनाच घेतले. २००७ मध्ये गार्नेट ३१ वर्षांचा होता, आता ३७ चा. ब्रुकलिनचे विजय ४९ वरून ४४ वर आले. नाव तेच, राशी मात्र बदललेली. गतकाळातील किंमत पुढच्या वर्षात नेताना वयाची दुरुस्ती करावीच लागते. शिवाय एका हंगामावर व्यवहार संपत नाही. ब्रुकलिनने बदल्यात दिलेल्या हक्कांतूनच बॉस्टनला जेलन ब्राउन आणि जेसन टेटम हे तरुण खेळाडू पुढे मिळाले आणि २०२४ मध्ये त्यांच्या बळावर बॉस्टन पुन्हा अजिंक्य ठरले.

आपल्या शाळेत

शिक्षकांना हे गणित परके वाटू नये. समजा, एका शाळेतून दहावीला ३० विद्यार्थी बसतात आणि दीर्घकाळची सरासरी ६० टक्के उत्तीर्णांची आहे. प्रत्येकाचा निकाल स्वतंत्र मानला, तर ३० × ०.६ × ०.४ याचे वर्गमूळ सुमारे २.७ येते. म्हणजे पावणेतीन विद्यार्थी, म्हणजेच नऊ टक्के. कोणी काहीही चांगले-वाईट केले नाही तरी निकाल ५१ ते ६९ टक्क्यांत हेलकावे खाऊ शकतो.

निकाल ४५ टक्के लागला, गणिताचे शिक्षक बदलले आणि पुढच्या वर्षी ६२ टक्के लागला, तर श्रेय कोणाचे? नवे शिक्षक उत्तम असतीलही. पण जुने शिक्षक जिथे होते तिथेच राहिले असते, तरी निकाल साठीकडे परतण्याची शक्यता मोठी होती. बदली झालेल्या त्या शिक्षकांवर एका वर्षाच्या आकड्यावरून शिक्का मारणे म्हणजे नाणे उडवणाऱ्या विद्यार्थ्याला समज देण्यासारखेच आहे. किमान तीन-चार वर्षांचे आकडे, नुसत्या उत्तीर्णांच्या संख्येऐवजी सर्वांचे गुण आणि आलेल्या विद्यार्थ्यांची मूळ तयारी, एवढे तरी पाहायला हवे. बॉस्टनच्या २४ विजयांमागे दडलेले ३१ जसे गुणांच्या फरकातून दिसले, तसेच हे आहे.

वर्गात हा उपक्रम जरूर करावा. शाळेच्या कबड्डी किंवा खो-खो संघात बदल झाला, की पुढच्या पाच सामन्यांचे भाकीत प्रत्येक विद्यार्थ्याने कागदावर लिहून पाकिटात बंद करावे. आकडा, त्याच्या दोन्ही बाजूंची सीमा आणि कारणे, तिन्हींसह. सामने झाल्यावर पाकिटे उघडावीत. कोणाचा आकडा बरोबर आला, यापेक्षा कोणाला आपली चूक कोठे झाली ते सांगता आले, याला अधिक गुण द्यावेत.